बालवाडीतील विज्ञान

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांनी पाणी, माती, बिया, दगड, पाने, सावली, रंग इ. परिसरातील वस्तू व घटना स्वतः हाताळून, निरखून आणि पडताळून घेतलेल्या अनुभवांना बालवाडीतील विज्ञान किंवा पूर्वप्राथमिक विज्ञानानुभव असे म्हणतात. ह्या वयात विज्ञान हा स्वतंत्र विषय नसतो. त्याला पाठ्यपुस्तक नसते, व्याख्या नसतात आणि परीक्षाही नसते. वस्तू हाती घेणे, तिच्यातील साम्यभेद ओळखणे, पुढे काय घडेल ह्याचा अंदाज बांधणे, तो करून पाहणे आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत सांगणे, एवढ्याच क्रिया त्यात अभिप्रेत असतात. शास्त्रज्ञाच्या कार्यपद्धतीतील मूलभूत क्रियाही ह्याच होत. म्हणून ह्या अनुभवांना विज्ञान हे नाव सार्थ ठरते.

महाराष्ट्रात ह्या विचाराला जो आकार आला, तो बव्हंशी साधनांच्या टंचाईतून आला. यूरोपीय पद्धतीची उपकरणे खेड्यातील शाळेला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे व पाने आली. ह्या बदलाने बालशिक्षणाचा खर्च कमी झाला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यामुळे बालशिक्षणाचे स्वरूपही बदलले, ही गोष्ट मात्र तितकीशी लक्षात घेतली गेलेली नाही.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : लहान मुलांच्या शिक्षणात निसर्गातील वस्तूंना स्थान असावे, हा विचार यूरोपात सतराव्या शतकापासून आढळतो. योहान कोमेनिअस (१५९२–१६७०) ह्या मोराव्हियन शिक्षणतज्ञाने १६३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिशुशिक्षणविषयक ग्रंथात पहिल्या सहा वर्षांत मुलाला पाणी, माती, अग्नी, पाऊस, दगड, लोखंड ह्यांची ओळख आईच्या मांडीवरच व्हावी, असे सुचविले होते. योहान पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) ह्या स्विस शिक्षणतज्ञाने शब्दाआधी वस्तूचे प्रत्यक्ष दर्शन हवे, ह्या तत्त्वाचा पुरस्कार केला. त्यातून एकोणिसाव्या शतकात वस्तुपाठाची पद्धती रूढ झाली व पुढे ती भारतातील शाळांतही आली. मराठीतील ‘वस्तुपाठ’ हा शब्द तिचीच खूण आहे. मूळ पद्धतीत वस्तू मुलाच्या हाती द्यावयाची होती. प्रत्यक्षात ती शिक्षकाच्या हाती राहिली आणि मुले तिच्या गुणधर्मांची यादी एका सुरात म्हणू लागली. पद्धती लोपली आणि ‘वस्तुपाठ’ हा शब्द अनुकरणीय उदाहरण ह्या अर्थाने भाषेत उरला. हातातील वस्तू शिक्षकाकडे सरकली की, अनुभवाचे पाठांतर होते, हा त्या इतिहासाचा धडा पुढेही अनेकदा प्रत्ययास आला.

फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) ह्या जर्मन शिक्षणतज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘बालोद्यान’ ह्या अर्थाचे ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन व वृत्तचिती ही त्याची खेळणी प्रसिद्ध आहेत. तथापि त्याच्या बालोद्यानात मुलांना स्वतःचे छोटे वाफेही दिलेले असत. पुढील काळात खेळणी सर्वत्र गेली, वाफे मात्र बहुतेक ठिकाणी मागे राहिले.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) ह्या इटालियन डॉक्टर विदुषीने १९०७ मध्ये रोम येथील सान लोरेंत्सो ह्या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तिच्या पद्धतीत ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी दट्ट्यांचे ठोकळे, मनोरा, लांबीच्या पट्ट्या, रंगांच्या पट्ट्या अशी अचूक मापांची साधने असतात. चूक झाल्यास ती साधनच दाखवून देते. म्हणजे एखादा दट्टा चुकीच्या भोकात घातला, तर शेवटी एक दट्टा उरतो व मूल स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करते. मुलाच्या स्वावलंबनाच्या दृष्टीने ही मोठीच क्रांती होती. बागकाम व प्राण्यांची निगा ह्यांचाही तिने पुरस्कार केला होता.

इंग्लंडमध्ये सूझन आयझॅक्स (१८८५–१९४८) ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ ते १९२७ ह्या काळात केंब्रिज येथील माल्टिंग हाउस ह्या प्रायोगिक शाळेत लहान मुलांचे प्रश्न, अंदाज व वादविवाद शब्दशः टिपून ठेवले आणि १९३० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुलांना कुतूहल वाटेल ते तपासू द्यावे, हे त्या शाळेचे सूत्र होते. लहान मूल कार्यकारणभावाचा विचार करू शकते, ह्याचे विपुल पुरावे त्या नोंदींत मिळतात. याउलट झां प्याजे (१८९६–१९८०) ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाने ह्या वयातील विचारांच्या मर्यादा दाखवून दिल्या. रुंद भांड्यातील पाणी मुलादेखत उंच व अरुंद भांड्यात ओतले, तर चार वर्षांचे मूल पाणी वाढले असे सांगते. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र घेतली म्हणजे बालवाडीतील विज्ञानाचे क्षेत्र स्पष्ट होते : मूल शोध घेऊ शकते, परंतु त्याचे निष्कर्ष मोठ्यांसारखे असतीलच, अशी अपेक्षा धरता येत नाही.

महाराष्ट्रातील आरंभ : पश्चिम भारतात माँटेसरीच्या विचारांना व्यवस्थित रूप गुजरातमधील भावनगर येथे आले. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) ह्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक (१८९२–१९७३) तेथे दाखल झाल्या. मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी त्यापूर्वी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिका ह्या मासिकाच्या मराठी आवृत्तीमुळे बालशिक्षणाचा विचार मराठी पालकांपर्यंत पोहोचू लागला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली.

१९३९ च्या अखेरीस माँटेसरी स्वतः थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला व १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या. त्यांपैकी काही काळ त्यांनी कोडाईकॅनॉल ह्या थंड हवेच्या ठिकाणी काढला. तेथील वनस्पती व प्राणी मुलांच्या अभ्यासाचा विषय झाले आणि सृष्टीतील सर्व घटकांचा परस्परसंबंध मुलाला जाणवावा, ह्या त्यांच्या उत्तरकालीन विचाराला तेथे आकार आला. महाराष्ट्रात मात्र ‘माँटेसरी’ ह्या नावाने जे रूढ झाले, ते प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गापुरते राहिले. साधने महाग होती आणि ती ठरावीक मापातच बनवावी लागत.

बोर्डी व कोसबाड : खेड्यातील व विशेषतः दलित आणि आदिवासी मुलांपर्यंत बालशिक्षण न्यावयाचे, तर ही चौकट मोडावी लागणार होती. १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या साहाय्यक म्हणून तेथे रुजू झाल्या आणि पुढे त्यांनी हेच कार्य आयुष्यभर चालविले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. पुढे देशभर प्रचलित झालेल्या ‘अंगणवाडी’ ह्या कल्पनेचे मूळ ह्या प्रयोगात आहे. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. हा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ह्यांना एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी चरणीच्या जागीच भरणारी ‘कुरणशाळा’ हे प्रयोग झाले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे किताब देण्यात आले.

बोर्डी व कोसबाड येथे माँटेसरीची मूळ साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू अशा स्थानिक वस्तू शैक्षणिक साधने म्हणून योजण्यात आल्या. लहानमोठ्या शिंपल्यांचा क्रम लावणे, बियांची प्रतवारी करणे, पानांच्या कडा बोटाने चाचपून जोड्या जुळविणे असे उपक्रम त्यांतून निघाले. उद्दिष्टे माँटेसरीचीच होती, म्हणजे ज्ञानेंद्रियांचे शिक्षण, क्रम, संख्या व भाषा. ह्या उपक्रमांना तेव्हा विज्ञान असे कोणी म्हटले नाही. तथापि त्यांत विज्ञानाचा प्रवेश झाला, तो साधनांच्या स्वरूपामुळे.

साधनातील भेद : कारखान्यात बनविलेला दट्टा आणि चिंचोका ह्यांत शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद आहे. दट्ट्याचे स्थान एकच असते आणि त्याचे उत्तर साधन बनविणाऱ्याला आधीच ठाऊक असते. चिंचोक्याने संख्या मोजता येते, त्याचा रंग पाहता येतो, तो पाण्यात टाकता येतो, दगडावर घासला म्हणजे उष्ण होतो, भाजला तर त्याचे साल सुटते आणि ओल्या मातीत पेरला तर त्यातून रोप निघते. त्याच्याशी खेळताना मूल शिक्षिकेला अपेक्षित नसलेला प्रश्न विचारू शकते. शिवाय निसर्गातील वस्तू सारख्या नसतात. दहा शिंपल्यांतील एखादा लहान किंवा मोठा ह्यांपैकी कोठेच बसत नाही व तो कोठे ठेवावा, ह्याचा निर्णय मुलाला कारण देऊन करावा लागतो. वर्गीकरण ही मूलतः निर्णयाची क्रिया आहे, ही गोष्ट अशा वेळी प्रत्ययास येते.

म्हणून स्वस्त साधनांचा स्वीकार ही दारिद्र्यापायी केलेली तडजोड होती, हे मत अपुरे ठरते. माँटेसरीच्या साधनांनी मुलाला शिक्षकाच्या सततच्या सूचनेपासून मुक्त केले. कोसबाडच्या साधनांनी त्याला ठरावीक उत्तरापासूनही मुक्त केले. अचूकतेचा विचार केला, तर पहिली साधने श्रेष्ठ आहेत, ह्यात शंका नाही. लांबीतील एकेका सेंटिमीटरचा फरक शिंपल्यांतून शिकविता येत नाही. परंतु शोधाची सवय लावण्यास दुसरी अधिक उपयुक्त आहेत. ह्या साधनांचा आणखी एक सामाजिक परिणाम होता. वारली मुलाला बी, पान व खेकडा ह्यांची जी माहिती होती, ती शिक्षिकेपेक्षाही पुष्कळदा अधिक होती. ती वर्गात ज्ञान म्हणून मान्य झाल्यामुळे शाळेत पाऊल टाकताच अडाणी ठरण्याची नामुष्की त्याच्यावर आली नाही.

प्रसार व ऱ्हास : १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना झाल्यावर स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पुढील दशकांत ती जवळजवळ प्रत्येक खेड्यात पोहोचली. कुपोषण व बालमृत्यू ह्यांच्या निवारणाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि पूरक पोषण, वजनाच्या नोंदी, लसीकरणास साहाय्य व गृहभेटी ही कामे एकाच सेविकेवर आल्यामुळे पूर्वप्राथमिक शिक्षण हा योजनेचा घटक पुष्कळ ठिकाणी गाणी व अंकओळख एवढ्यापुरता उरला. नाव कोसबाडचे राहिले, परंतु बिया व खडे यांच्या जागी भिंतीवरील तक्ते आले. तक्त्यावरील आंबा पाहता येतो. त्याचा वास घेता येत नाही आणि तो पाण्यात टाकूनही पाहता येत नाही.

शहरांत ह्याच काळात दुसरे संकट उभे राहिले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश मिळावा म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांकडून लेखन, पाठांतर व मुलाखतीची तयारी करून घेण्यात येऊ लागली. ‘माँटेसरी’ व ‘के.जी.’ ही नावे पद्धतीची न राहता इयत्तांची झाली. शालेय ओझ्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मधील आपल्या अहवालात लहान मुलांवर औपचारिक वाचन-लेखन व अंकगणित लादण्याच्या ह्या प्रथेवर कठोर टीका केली आणि शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी घेण्यात येणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली.

कोसबाडची परंपरा ह्या काळात स्वयंसेवी संस्थांनी जिवंत ठेवली. अनुताई वाघ व रमेश पानसे ह्यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ग्राममंगल ह्या संस्थेने डहाणू तालुक्यातील ऐने येथे आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. कोल्हापूर येथे लीलाताई पाटील (१९२७–२०२०) ह्यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकेत जन्मलेल्या व मराठीच्या अभ्यासक असलेल्या विदुषींनी दलित वस्तीतील शाळा सुटलेल्या मुलांना वाचन शिकविण्यापासून कार्याचा आरंभ केला आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा स्थापन केली. भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर ह्यांचे नाव तिला देण्यात आले. भिन्न जातींची व आर्थिक थरांची मुले बालवर्गापासून एकत्र शिकावीत आणि मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मान असावा, ही ह्या शाळेची भूमिका विज्ञानाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. कारण जे मूल आपल्या बोलीत बोलू शकते, तेच मूल आपले निरीक्षण निःसंकोचपणे सांगू शकते.

सातारा व सांगली परिसरातील साधनसामग्री : शंखशिंपले ही बोर्डीच्या किनाऱ्यावरील वस्तू आहे. ती विकत घेऊन देशावरच्या बालवाडीत ठेवणे म्हणजे ताराबाईंचे साधन घेऊन त्यांचे तत्त्व सोडून देणे होय. प्रत्येक परिसराने आपली सामग्री आपल्याच अंगणात शोधावी, हा त्या प्रयोगाचा मथितार्थ आहे. सातारा व सांगली हे जिल्हे ह्याचे चांगले उदाहरण ठरतात. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले व १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या खोऱ्याने बांधलेल्या ह्या प्रदेशात पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी व जत ह्या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. एकाच नदीखोऱ्यातील दोन बालवाड्यांची सामग्री त्यामुळे वेगळी ठरते.

(१) माती व दगड : महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभा, सर्वत्र आढळणारा काळा पाषाण, डोंगरउताराचा मुरूम व नदीकाठची काळी माती ही ह्या प्रदेशाची चार सहज उपलब्ध साधने होत. जांभ्याच्या व काळ्या पाषाणाच्या तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकले असता एक थेंब मुरतो व दुसरा ओघळतो. तळाशी छिद्रे असलेल्या दोन करवंट्यांत मुरूम व काळी माती भरून सारखे पाणी ओतले, तर मुरमातून पाणी लवकर खाली येते. काळी माती ते धरून ठेवते, फुगते व वाळल्यावर भेगाळते. शेतकऱ्याच्या मुलाने ह्या भेगा रानात पाहिलेल्या असतात; त्या का पडतात, हा प्रश्न त्याला येथे प्रथम सुचतो.

(२) बी व कांडे : मटकीला एका रात्रीत मोड येतात, ज्वारीला अंकुर फुटण्यास काही दिवस लागतात आणि डोळा असलेले उसाचे कांडे ओल्या मातीत ठेवल्यास त्याला कोंब येण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. डोळा काढून टाकलेले कांडे शेजारी लावले असता त्यातून कोंब येत नाही. बीपासून उगवणारे व कांड्यापासून उगवणारे पीक, असा भेद मुलांच्या दृष्टोत्पत्तीस ह्यातून येतो. वाट पाहणे हाही प्रयोगाचा भाग असतो, ही गोष्टही ती शिकतात.

(३) विरघळणे व फुगणे : गूळ पाण्यात दिसेनासा होतो, तरी पाणी गोड लागते, वाळू दिसेनाशी होत नाही व पाण्याला चवही येत नाही. तासगाव भागातील बेदाणा पाण्यात ठेवला असता सालीतून पाणी आत शिरून काही तासांत टम्म फुगतो. नाहीसे होणे, विरघळणे व शोषून घेणे ह्या तीन भिन्न घटना शब्दांआधी जिभेला व बोटांना कळतात.

(४) हळद : सांगली ही हळदीची प्रसिद्ध बाजारपेठ असून जवळच्या हरिपूर येथे ती जमिनीखालील पेवांत साठविण्याची पद्धत होती. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदावर साबणाचे पाणी टाकले असता तो लाल होतो आणि लिंबाचा रस टाकल्यावर पुन्हा पिवळा पडतो. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी द्रवात रंग बदलते, हे त्याचे कारण होय. कुंकू तयार करण्याच्या पारंपरिक पद्धतीमागेही हीच क्रिया आहे. चुन्याने हा रंग अधिक गडद येतो. तथापि चुना दाहक असल्याने तो मुलांच्या हाती देऊ नये.

(५) तरंगणे व बुडणे : कृष्णाकाठी पोहायला शिकताना कमरेला सुका भोपळा बांधण्याची रीत होती आणि गूळ शिजविण्याची लोखंडी काहील नदी ओलांडण्यासाठी नावेसारखी वापरली जाई. भोपळा जड असूनही तरंगतो, खडा हलका असूनही बुडतो. खिळा बुडतो, पण त्याच लोखंडाची काहील माणसांना घेऊन तरते. परातीतील पाण्यावर वाटी व चमचा सोडून हेच कोडे बालवाडीत मांडता येते. बुडते ते जड, हा मुलांचा पहिला नियम येथे मोडतो. नवा नियम सांगण्याची घाई करण्याचे कारण नाही. जुना नियम पुरा पडत नाही, हे कळणे त्या वयात पुरेसे असते.

(६) सावली व पाऊस : अंगणात रोवलेल्या काठीच्या सावलीच्या टोकाशी सकाळी, दुपारी व घरी जाताना खडा ठेवला, तर सूर्याच्या भ्रमणाची नोंद जमिनीवर उमटते. सरळ कडांच्या डब्यात साठलेल्या पावसाची उंची काडीने मोजून ती काडी भिंतीवर लावून ठेवल्यास आठवड्याचा पाऊस मुलांना एका दृष्टिक्षेपात दिसतो. माणमध्ये ह्या काड्या थोड्याच असतील. परंतु त्या थोड्या असणे हेच तेथील मुलांच्या जीवनातील महत्त्वाचे सत्य आहे.

शिक्षिकेची भूमिका : ह्या उपक्रमांचे यश वस्तूंवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते शिक्षिकेच्या वागण्यावर अवलंबून असते. वस्तू चार-पाच मुलांच्या गटात एक ह्याप्रमाणे मुलांच्या हाती असावी. शिक्षिकेने मध्ये बसून दाखविलेला प्रयोग हा ह्या वयात जादूच्या खेळाहून वेगळा ठरत नाही. वस्तू पाण्यात टाकण्यापूर्वी “काय होईल असं वाटतं?” हा प्रश्न विचारणे आवश्यक असते, कारण अंदाज बांधल्याखेरीज आश्चर्य वाटत नाही व आश्चर्याखेरीज प्रश्न उद्भवत नाही. अंदाज चुकला, तर त्याला चूक म्हणू नये. मुलाचे स्पष्टीकरण शास्त्रदृष्ट्या असमर्थनीय असले, तरी ते लगेच दुरुस्त न करता त्याच्याशी विसंगत असा दुसरा अनुभव पुढे ठेवणे अधिक इष्ट ठरते. नोंदी चित्रांतून व बोलण्यातून व्हाव्यात. खरखरीत, गुळगुळीत, दमट, चिकट, ठिसूळ असे शब्द त्या त्या स्पर्शाबरोबर कानी पडल्यास भाषा व निरीक्षण ही एकमेकांना पोषक ठरतात.

दक्षतेच्या काही बाबी अनिवार्य आहेत. गुंज, एरंड, धोतरा व कण्हेर ह्यांच्या बिया विषारी असल्यामुळे त्या संग्रहात नसाव्यात. लहान बिया व खडे नाकाकानांत घालण्याचा धोका तीन वर्षांच्या मुलांत अधिक असतो. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्याजवळ सतत मोठी व्यक्ती असावी.

मर्यादा व आक्षेप : असे अनुभव मुले घरी व रानात घेतातच, मग बालवाडीची आवश्यकता काय, असा आक्षेप घेतला जातो. खेड्यातील मुलाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु घरी अनुभव असतो आणि त्याविषयी थांबून विचारणारे व ऐकणारे माणूस बहुधा नसते. शहरी मुलाच्या बाबतीत तर अनुभवाचाच अभाव असतो. प्रशिक्षणाचा अभाव ही खरी अडचण होय. बिया गोळा करणे सोपे असते; मुलाने उत्तर शोधेपर्यंत गप्प राहणे अवघड असते व त्यासाठी शिक्षिकेला स्वतः असा अनुभव घ्यावा लागतो. मोठ्या पटसंख्येचे वर्ग व सेविकांवरील इतर कामांचा भार ह्यांमुळे ही अडचण अधिक बिकट होते. मापन न होऊ शकणे हीदेखील एक अडचण आहे. अक्षरे किती येतात, हे पालकांना दाखविता येते. प्रश्न विचारण्याची सवय वहीत दाखविता येत नाही आणि जे दाखविता येत नाही, ते प्रथम वगळले जाते.

सद्यःस्थिती : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत स्तर म्हणून मान्य केला आणि २०२२ मध्ये ह्या स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. खेळ, शोध व स्थानिक साधने ह्यांवर त्यात भर आहे. बोर्डी येथे अंगणात जे घडले, त्याला पाऊणशे वर्षांनंतर धोरणाची मान्यता मिळाली, असे ह्याचे वर्णन करता येईल. मान्यतेबरोबर तयार साधनांच्या पेट्या व संचही येतात. त्यांचा उपयोग आहे. परंतु फुटेल किंवा हरवेल ह्या भीतीने संच कपाटात राहतो, हा शाळांचा सार्वत्रिक अनुभव आहे. चिंचोका हरवला, तर दुसरा मिळतो. मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येणे, हा साधनाचा गुण किंमतीच्या तक्त्यात दिसत नाही. बालवाडीतील विज्ञान मात्र त्याच गुणावर उभे आहे.